‘इंजिन बांधायला लागतंय’

मोटरसायकलच्या गॅरेजात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. गाडी चढाला ओढत नाही? इंजिन बांधायला लागतंय. धूर येतोय? इंजिन बांधायला लागतंय. ॲव्हरेज पडलंय? तेच. आणि बहुतेक वेळा हे वाक्य गाडी स्टँडवर लागायच्या आतच येतं. प्लग काढलेला नसतो, किक मारून बघितलेली नसते, काही नाही. माझं भांडण या वाक्याशी आहे. गॅरेजवाल्यांशी फारसं नाही, का ते पुढे येईलच. आणि ताई, भाऊजी, तुम्हीही हे शेवटपर्यंत वाचा, कारण "भंगारात घाल ती" हे तुमचं लाडकं वाक्य याच वाक्याचं सख्खं भावंड आहे.

घरच्यांना गाडी माहीत आहे, बाकी मंडळींसाठी सांगतो. आण्णांनी १९९९ साली घेतलेली स्प्लेंडर. ९७.२ सीसी, कार्बोरेटर, किक. पंधरा वर्षं झाली म्हणून २०१४ साली नोंदणीचं नूतनीकरण केलं, मग २०१९, मग २०२४. दर पाच वर्षांनी ती अजून रस्त्यावर यायच्या लायकीची आहे हे सरकारला दाखवून यावं लागतं, आणि आजवर तिन्ही वेळा ती पास झाली आहे. (आमच्या घरात सलग तीनदा पास होणारी दुसरी कुणी नाही, हे धाकट्यानं वाचू नये.)

आम्ही राहतो जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत. समुद्रसपाटीपासून साधारण ३१०० फूट. खाली कोल्हापूर १८०० फुटांच्या आसपास. कामाला जायचं म्हणजे घाट उतरून केर्लीला यायचं, तिथं रत्नागिरी रस्त्याला लागायचं, आणि संध्याकाळी तेवढंच परत चढायचं. सपाटीवर फिरणाऱ्या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं खोटं बोलू शकतं. आमच्या गाडीला ती सोय नाही. रोज संध्याकाळी तिची परीक्षा असते.

यंदा चैत्र यात्रेनंतर तिच्या दोन तक्रारी सुरू झाल्या. पहिली, घाट निम्मा चढला की दम तुटायचा. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, आणि वर पोचेपर्यंत ती घामाघूम आणि मीही. दुसरी, सकाळी घाट उतरून केर्लीजवळ रेस दिली की मागून निळसर धुराचा एक झोत. एकच. मग पुढे कोल्हापूरपर्यंत काही नाही.

एका गॅरेजात नेली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण आणखी तीन ठिकाणी विचारलं तरी उत्तर तेच आलं. "चढ ओढत न्हाई आन् धूरबी मारतीया? बोअर गेलंय साहेब. इंजिन बांधायला लागतंय. बोअर, पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन... आठ हजार धरून चाला." एवढं सगळं एका दमात. गाडी तेव्हा बंद होती आणि थंड होती.

आता हे ‘बोअर मारणं’ काय असतं ते ज्यांनी कधी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. सिलिंडर आतून झिजला, अंडाकृती झाला, त्याला ओरखडे पडले, तर तो मशिनवर आतून घासून मोठा करतात आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवतात. हे पाव पाव मिलिमीटरनं चालतं: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर. म्हणजे मोजून चार वेळा. त्यानंतर सिलिंडर बदला किंवा नवा स्लीव्ह ठोका. घासून काढलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून हा निर्णय शेवटी घ्यायचा असतो. प्रत्यक्षात तो आधी घेतात, कारण कोल्हापुरात बोअरिंगचं मशिन कुणापासूनही लांब नाही. शिवाजी उद्यमनगरात जाऊन सिलिंडर टाकला की संध्याकाळी तयार. ज्या गावानं ओतकाम आणि ऑइल इंजिनं यांवर नाव कमावलं, जिथं म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं घेतात, त्या गावात हत्यारं इतकी सहज मिळतात की हत्यार उचलायच्या आधी विचार करायची सवयच सुटत चालली आहे, असं माझं मत आहे. पटत नसेल तर भांडा.

तर ‘फारसं भांडण नाही’ असं का म्हणालो?

कारण मी एकदा प्रयोग केला. ओळखीचे एक वयस्कर मेस्त्री आहेत, आमच्या लहानपणापासूनचे. त्यांना म्हटलं, "मामा, गाडी नीट बघा. अर्धा तास घ्या. काही खोलू नका, काही बदलू नका. काय झालंय तेवढं सांगा. दोनशे रुपये देतो." मामा हसले. म्हणाले, "नुसतं बघायचं कसलं पैसं घ्यायचं रं?" खूप आग्रह केला तरी घेतले नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून अर्धा तासही मिळाला नाही. समोर तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या आणि त्या गाड्यांचे मालक दर पंधरा मिनिटांनी फोन करत होते. मामांचं तरी काय चुकलं?

मुद्दा इथंच आहे, मंडळी. डॉक्टरकडे गेलो तर तपासणीची फी देतो. औषध दिलं नाही, "काही झालेलं नाही, आराम करा" म्हणाले तरी देतो, आणि वर खूश होऊन घरी येतो. मेस्त्रीनं मात्र वीस मिनिटं कान लावून ऐकलं, प्लग बघितला, झाकण उघडून बंद केलं आणि "काही नाही, फिल्टर धुवा" म्हटलं, तर आपण काय देतो? "थँक्यू मामा", फार तर एक चहा. पैसे देतो ते पार्टचे आणि पार्ट बसवायच्या मजुरीचे. म्हणजे ज्या मेस्त्रीला नेमकं कळतं तो उपाशी, आणि जो सरसकट बदलतो त्याचं गॅरेज दोन गाळ्यांचं. ही पद्धत गिऱ्हाइकांनी तयार केली आहे. गॅरेजवाले त्या पद्धतीत जगताहेत, एवढंच.

मग उपाय काय? तपासणीला किंमत द्या, नाहीतर ती स्वतः करा. पहिलं गावात कुणी घेत नाही, तेव्हा राहिलं दुसरं. आणि दुसरं वाटतं तितकं अवघड अजिबात नाही. इंजिनाला काय झालंय हे कळायला पानापेटीच्याही आधी लागते ती गाडीवर रोज बसणाऱ्या माणसाची आठवण. कधी होतं? गार असताना की तापल्यावर? चढाला की उताराला? एकदम की हळूहळू? हे मेस्त्रीला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. पण तुम्ही गॅरेजात जाऊन सांगता काय, तर "गाडी बरोबर चालत नाही".

जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे. रॉकेल संपलेला कंदील विझतो तशी गाडी आचके देत, दम टाकत बंद पडली तर पेट्रोल बघा. बटण दाबून दिवा घालवल्यासारखी फट्‌दिशी बंद पडली तर करंट बघा. इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी पुढं सरकत नाही, तर क्लच. आणि पेट्रोलची शंका असेल तर बंद पडल्या जागी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. त्याला टाचणी पुरते. ती टाचणी न लावता कार्बोरेटर बदललेली माणसं मला माहीत आहेत. पाहुण्यांतलीच आहेत, नावं घेत नाही.

माझ्या गाडीचं म्हणाल तर ती बंद पडत नव्हती आणि क्लचही घसरत नव्हता. दम तुटत होता. तेव्हा एका रविवारी, नाही, रविवारी नाही (रविवार जोतिबाचा वार, आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते), सोमवारी सुट्टी टाकून प्लग काढला. काळाकुट्ट, कोरडी काजळी. तेलाचा ओशटपणा नाही. ही काजळी म्हणजे पेट्रोल पुरेसं येतंय पण हवा कमी पडतेय. बोअर गेलेल्या गाडीचा प्लग असा नसतो, तो ओला, तेलकट असतो. म्हणजे आठ हजारांच्या निदानाला पहिला धक्का एका प्लग पान्यानं बसला.

मग एअर फिल्टर उघडला, आणि बघतो तर गुलाबी!

जोतिबाला आलेल्यांना सांगायला नको. माघातल्या खेट्यांपासून चैत्र पौर्णिमेच्या यात्रेपर्यंत इथं हवेत गुलाल असतो. सासनकाठ्या नाचतात तेव्हा तर समोरचा माणूस दिसत नाही. घरं, कौलं, झाडं, कुत्री, म्हशी सगळं एका रंगाचं होतं, आणि आम्हाला त्याचं कौतुकच आहे, चांगभलं! पण गुलाल ही शेवटी बारीक पूड आहे. त्या दिवसांत जी गाडी रोज त्यातून जाते ती तो श्वासाबरोबर ओढते, आणि फिल्टरचा स्पंज त्याला अडवतो. अडवून अडवून शेवटी हवाही अडवतो. सपाटीवर मंद चालवताना हे जाणवत नाही. चढाला इंजिन भरपूर हवा मागतं, तेव्हा गळा दाबल्यासारखं होतं.

स्पंज रॉकेलमध्ये धुतला, पिळला नाही, नुसता दाबला (पिळला की फाटतो), वाळवला, चार थेंब तेल चोळून जास्तीचं दाबून काढलं आणि बसवला. प्लग पुसून लावला. खर्च नगण्य. संध्याकाळी घाट चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वीपेक्षा बरीच वर आली, पण शेवटच्या वळणांवर परत दम तुटला.

इथं एक गोष्ट मी अगदी हट्टानं पाळतो आणि तुम्हीही पाळा, बुवा. एका वेळी एकच बदल. फिल्टर, प्लग, कार्बोरेटर, टॅपेट सगळं एका दुपारी उरकलं की गाडी सुधारते, पण कशानं सुधारली ते कळत नाही, आणि परत बिघडली की आपण होतो तिथंच. माझ्याकडे एक वही आहे. तारीख, काय केलं, घाटात काय झालं. बायको तिला गाडीची जन्मपत्रिका म्हणते.

गार असताना ठीक आणि तापल्यावर दम जातोय, तर संशय व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात थोडी फट ठेवलेली असते, तिला आपण टॅपेट म्हणतो. माझ्या गाडीला ती ०.०५ मिलिमीटर हवी, म्हणजे केसाएवढी. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत जाते तशी ही फट कमी होत जाते. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. गार झालं की परत सगळं छान! म्हणून गॅरेजात उभ्या असलेल्या थंड गाडीत हे कधीच सापडत नाही.

मंगळवारी पहाटे, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, चक्राची ‘टी’ खूण जुळवून, दोन्ही रॉकर मोकळे हलतात का ते बघून फिलर गेज घातला. इनटेकला गेला. एक्झॉस्टला जाईचना! मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी आवळून ठेवला होता. हे का होतं तेही सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "टॅपेटचा आवाज येतोय." मेस्त्री आवळतो, आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. वास्तविक जरासा टिकटिक आवाज करणारा टॅपेट निरोगी असतो. एकदम मुका झालेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. आपल्याला गप्प बसणारी माणसं आवडतात तशी गप्प बसणारी इंजिनं आवडतात, त्याला काय करणार.

टॅपेट लावला. त्या संध्याकाळी गाडी देवळाच्या कमानीपर्यंत तिसऱ्यात आली. बुधवारीही आली. गुरुवारी मागे बायकोला बसवून चढवली (ती म्हणाली, "माझं वजन हे तुझं मोजमाप आहे का?"), तरी आली.

राहिला धूर. धुराचं लोकांना फार भय वाटतं आणि त्या भयावरच धंदा चालतो. पण धूर कधी येतो ते बघा की. बोअर-रिंगा गेल्या असतील तर गाडी जोर लावताना, म्हणजे घाट चढताना जास्त धूर मारेल. माझी चढताना मारत नव्हती. उतार संपल्यावर मारत होती. रेस सोडून गिअरमध्ये घाट उतरताना इंजिन आत जोरात ओढ घेतं, आणि व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील कडक झालेलं असेल तर त्या ओढीनं वरचं तेल थेंब थेंब आत येतं. केर्लीला रेस दिली की ते साचलेलं तेल एकदम जळतं. झाला निळा झोत, संपला विषय. तरी खात्री म्हणून कॉम्प्रेशन गेज लावला, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून परत मोजलं. रिंगा झिजल्या असतील तर तेलानं फट भरते आणि काटा चांगलाच चढतो. माझा जवळजवळ होता तिथंच राहिला. (या इंजिनाचा सिलिंडर जवळपास आडवा आहे, तेल खालच्या अंगाला साचतं, म्हणून चार वेळा हळू किक फिरवून मग मोजायचं, आणि एकट्या या परीक्षेवर विसंबायचं नाही.) इंजिन चालू ठेवून तेलाच्या डिपस्टिकचं झाकणही सैल करून बघितलं. धडधडत हवा येते ती येणारच, पण धूर नव्हता. तीन साक्षीदार एकच सांगत होते की बोअर ठीक आहे, सील म्हातारं झालंय.

आता नेहमीचे आक्षेप. गेले महिनाभर ऐकतोय, एकदाच उत्तर देतो.

काका म्हणतात डोंगरावर हवा विरळ, म्हणून गाडी ओढत नाही. काका, कोल्हापूर आणि जोतिबा यांच्या उंचीत १३०० फुटांचा फरक. तेवढ्यानं हवा चारेक टक्के विरळ होते. चार टक्क्यांनी कुणी पहिल्या गिअरवर येत नाही, आणि डोंगर यात्रेनंतर अचानक उंच झालेला नाही.

मित्रमंडळी म्हणतात, इथेनॉल! २०२५ पर्यंत आपण २० टक्के मिश्रणाला पोचलो, आणि तेव्हापासून भारतातली प्रत्येक गाडी म्हणे इथेनॉलनं बिघडते. (आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच टाकीत परत येतो याची मला गंमत वाटते, पण ते असो.) इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही हेही खरं. पण मग बघा ना! पेट्रोल कॉकमधून काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला तर इथेनॉलला शिव्या द्या. न बघता दिलेली शिवी आणि न बघता मारलेला बोअर यांत मला फरक दिसत नाही.

काही साहित्यप्रेमी ब्लॉगर लगेच पिर्सिगचं नाव काढतील, म्हणून आधीच सांगतो. १९७४ साली आलेल्या त्याच्या त्या प्रसिद्ध पुस्तकात हेच आहे. मेकॅनिक इंजिन परत परत खोलतात, आणि खरं कारण निघतं तेल पोचवणाऱ्या भागातली एक तुटलेली क्षुल्लक पिन. पुस्तक आवडलं असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्यांतल्या किती जणांनी स्वतःच्या गाडीचा प्लग काढून बघितलाय, हे मी विचारत नाही.

आणि शेवटचा, खरा आक्षेप, जो कुणी तोंडावर बोलत नाही. "शिकलेल्या माणसानं हात काळे करत दारात बसायचं?" आमच्या एका पाहुण्यांनी माझ्याकडे बघून आण्णांना विचारलंही, "नोकरी चालू हाय न्हवं पोराची?" याला काय म्हणावं! यंत्र वापरायची लाज नाही, ते कळून घ्यायची लाज आहे. मेस्त्रीला ‘अरे ए’ म्हणायचं, त्याच्या तपासणीला किंमत द्यायची नाही, आणि तो फसवतो म्हणून गळा काढायचा, हे सगळं त्या एकाच लाजेतून येतं.

घरी सगळं करावं असं मी म्हणत नाही. क्रँकचं बेअरिंग, गिअरबॉक्स, वाकलेला चिमटा याला मी हात लावत नाही. ब्रेकची खात्री नसेल तर मेस्त्रीकडेच. इंजिन बंद खोलीत चालू ठेवायचं नाही, आणि स्पार्क बघताना प्लग सिलिंडरच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब धरायचा. पण ‘काय झालंय’ हा प्रश्न घरी सुटू शकतो. निदान जुन्या गाडीचा तरी सुटतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. प्रदूषणाच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण त्या गाड्यांचं दुखणं बघायला स्कॅनर लागतो आणि तो तुमच्याकडे नसतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं, त्याचं स्वागत. पण आधी ज्या यंत्राचा रोग डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो आणि कानाला ऐकू येतो ते यंत्र तरी आपण उघडून बघतो का?

गाडीचा आजचा हालहवाल असा. घाट तिसऱ्या गिअरमध्ये. प्लग फिक्कट तपकिरी. धुराचा झोत अजून येतो. तेल किती पितेय ते वहीत लिहितोय. आतापर्यंत हजार किलोमीटरला जेमतेम शंभर मिली भरावं लागलं, तेव्हा सीलसाठी हेड उतरवायची घाई नाही. पावसाळा संपल्यावर घरीच उतरवणार आहे. मामांना बोलावलंय, बघायला. त्यांनी दोनशे रुपये घेतले नाहीत तर कोंबडा घेतील, तसं ठरलंय.

आणि सोनाळीच्या आत्यांच्या थोरल्यासाठी निरोप: माझा टॉर्क रेंच दिवाळीपासून तुझ्याकडे आहे. हेड बसवायला तो लागतो. येताना घेऊन ये.